केल्प अर्काची फवारणी उन्हाचा ताण येण्याआधी करावी

येत्या आठवड्यात तापमान चढण्याचा अंदाज असेल आणि पीक फुलोऱ्याच्या तोंडावर असेल, तर केल्प अर्काची फवारणी आज किंवा उद्या संध्याकाळीच उरकावी. फुलगळ सुरू झाल्यावर धावपळ करून टॉनिक आणायचे, दुप्पट मात्रेने मारायचे आणि तरीही झाड रिकामे झालेले पाहायचे, हे मी इतक्या शेतांत पाहिले आहे की दर हंगामात तेच पुन्हा सांगावे लागते.

केल्प हे थंड समुद्रात वाढणारे मोठे तपकिरी शेवाळ आहे. त्याच्या अर्कातील मॅनिटॉल, लॅमिनारिन, बीटेन आणि सायटोकायनिनसारखे घटक झाडाला ताण सोसण्यासाठी तयार करतात. मात्र त्या तयारीला काही दिवस लागतात, म्हणून उष्णतेच्या लाटेच्या पाच ते सात दिवस आधी फवारणी झालेली असावी. लेबलवर वेगळी मात्रा दिली नसेल, तर एक लिटर पाण्यास २ मिलि, म्हणजे १५ लिटरच्या पंपास ३० मिलि पुरेसे आहे.

विक्रेता याला खताचा पर्याय म्हणत असेल, तर ऐकू नये. वाळवलेल्या केल्पच्या भुकटीतही नत्र साधारण १ टक्का, पालाश २ टक्क्यांच्या आसपास आणि स्फुरद नगण्य असते. पातळ केलेल्या अर्कातून तर पिकाचे पोट भरणे शक्यच नाही. गडद रंग आणि उग्र वास हा दर्जाचा पुरावा नव्हे. शेवाळाच्या जातीचे नाव आणि अर्काचे प्रमाण छापलेले नसेल, तर महागडी बाटली परत करावी.

कॅल्शियम नायट्रेट या अर्कात मिसळू नये, कारण अर्कातील अल्जिनेट (शेवाळातला चिकट घटक) आणि कॅल्शियम एकत्र आले की चिकट गोळा तयार होऊन नोझल तुंबते. विहिरीच्या पाण्यात चुना जास्त असल्यास आधी काचेच्या बरणीत थोडे मिश्रण करून पाहावे.



पीक आधीच कोमेजले असेल, तर बाटली बाजूला ठेवून प्रथम पाणी द्यावे. दुपारी मान टाकलेले पान पहाटे ताठ दिसते का, हे सलग दोन दिवस पाहावे. माझ्या अनुभवात पहाटेही पान लोंबलेले असेल, तर केल्पचा गुण येत नाही. पान ताठ झाले आणि जमिनीला वाफसा आला, की मग फवारणी करावी.