चहाचा ग्लास नीट काढता येत नाही तोवर ड्रॉइंग टॅब्लेट घेऊ नका

डिझाइनच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला की घरात पहिला विषय निघतो तो कॉम्प्युटरवर चित्र काढायच्या टॅब्लेटचा. स्क्रीनवालं घ्यायचं की बिनस्क्रीनचं, हप्ते किती बसतील, मामेभावाकडे आहे ते चालेल का. पहिल्या वर्षाच्या मुलांचं ड्रॉइंग मी रविवारी घेते, आणि दर वर्षी माझं उत्तर तेच असतं: दोन महिने थांबा. हात जे काढू शकत नाही ते टॅब्लेटही काढून देत नाही, फक्त चूक जास्त गुळगुळीत दिसते.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळालेली असेल तर अभिनंदन, पण ती विसरा. वस्तुचित्रात छायाप्रकाश चांगला शिकवतात, मान्य. मात्र तिथे वस्तू समोर मांडलेली असते. इथे अजून जगात नसलेली वस्तू काढायची, तीही मागून, वरून, उघडलेली. नुसतं बघून टिपणं पुरत नाही, कागदावर वस्तू बांधावी लागते.

सामानाचं फार काही नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून ए-फोर कागदाचं एक रीम, एचबी आणि टू-बी पेन्सिल, दोन काळी बॉलपेनं. सरावासाठी पेनच वापरा. जाड कागदाचं देखणं स्केचबुक आणू नका. त्यात वाईट चित्र काढायला जीव धजत नाही, आणि सुरुवातीला वाईट चित्रंच काढायची असतात. खोडरबर घरी राहू द्या.

पहिला आठवडा सरळ रेघा. खांद्यातून, मनगटातून नाही. रोज दोन पानं.

दुसरा आठवडा खोके. आधी डोळ्याच्या उंचीची आडवी रेषा, तिच्यावर दोन लोपबिंदू (लांब जाणाऱ्या रेघा जिथे मिळताना दिसतात ते बिंदू), आणि ते एकमेकांपासून लांब, शक्यतो कागदाच्याही बाहेर. कागदात कोंबले तर काडेपेटीसुद्धा जहाजाच्या टोकासारखी दिसते. खात्री करायची असेल तर बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्याच्या समोरच्या फुटपाथवर जरा तिरकं उभं राहा. छताजवळच्या रेघा लांब जाताना खाली उतरतात, जोत्याच्या वर चढतात, आणि कुठेतरी मधे तुमच्या डोळ्यांच्या उंचीला एक रेघ सरळच राहते. हे एकदा दिसलं की खोके येतात.

आता लंबवर्तुळ

वर्तुळ तिरकं पाहिलं की दिसतो तो आकार. वर्गात सगळे इलिप्सच म्हणतात, मीही तेच म्हणते. माझी पहिली सहामाही इथे गेली. मी सायकल काढली होती, दोन आठवडे खपून. शिक्षकांनी पाहिली, "चाकं पडतायत" म्हणाले आणि पुढच्या टेबलावर गेले. का पडतायत, ते सांगितलंच नाही. एका क्लासमध्ये विचारलं तर सल्ला मिळाला की रोज शंभर इलिप्स काढ, आपोआप जमेल. मी काढले. आपोआप काही जमलं नाही. चूक मात्र रोज शंभरदा घोटून पक्की झाली. हा सल्ला अजूनही दिला जातो, आणि तो ऐकला की माझं डोकं फिरतं.

आधी बघायला शिका. कुठल्याही अमृततुल्यमध्ये काचेच्या ग्लासातून चहा घ्या. एक डोळा मिटून ग्लास इतका वर धरा की त्याची कड डोळ्याच्या बरोबर उंचीला येईल. कडेचं वर्तुळ नाहीसं होतं, नुसती रेघ उरते. आता ग्लास हळूहळू खाली न्या. रेघ उघडते, जितकी खाली जाल तितकी गोल होत जाते. ग्लास टेबलावर ठेवून कड आणि चहाची पातळी यांची तुलना करा: चहाचं लंबवर्तुळ कडेच्या लंबवर्तुळापेक्षा जास्त उघडं आहे. घोट घ्या, पातळी खाली गेली, आणखी उघडलं. तळ सगळ्यात उघडा. आणि दहापैकी नऊ मुलं तळाशी सरळ रेघ मारतात, कारण टेबल सपाट आहे हे त्यांना माहीत असतं. माहीत असलेलं काढू नका.

दोन्ही बाजूंची टोकंही बघा. तिथे कोपरा नाही. कड वळून मागे जाते. दोन कंस जोडून बदामाचा आकार काढला तर तो ग्लास नाही, मिटलेला डोळा आहे.

यानंतरची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. प्रत्येक इलिप्सला दोन अक्ष असतात, लांब आणि आखूड. उभ्या ग्लासात लांब अक्ष आडवा असतो, म्हणून आपल्याला वाटतं तो नेहमी आडवा किंवा उभाच असणार. नाही. आखूड अक्ष वस्तूच्या आसावर, म्हणजे तिच्या मधोमध जाणाऱ्या रेघेवर बसतो. ग्लासाचा आस उभा, म्हणून आखूड अक्ष उभा. चाकाचा आस कुठला? त्याचा एक्सल. रस्त्यावर उभी असलेली रिक्षा वरून-तिरकी पाहिली तर एक्सलची रेघ लोपबिंदूकडे तिरकी जाते. आखूड अक्ष त्या रेघेवर, आणि लांब अक्ष तिला काटकोनात. म्हणजे चाकाचा लांब अक्ष उभा नसतो, किंचित कललेला असतो. माझ्या सायकलीची चाकं मी अगदी उभी काढली होती. म्हणून पडत होती.

तेव्हा क्रम असा: आधी आसाची रेघ, मग तिला काटकोनात लांब अक्ष, मग इलिप्स. उलटं करू नका. पेन कागदाला न टेकवता हवेत दोनतीनदा फिरवा आणि त्याच लयीत टेकवून दोन फेऱ्या मारा. सावकाश काढलेला इलिप्स बटाट्यासारखा येतो. कागद फिरवायला लाज वाटू देऊ नका.

तपासायची युक्ती साधी आहे. आखूड अक्षावर कागद घडी घाला आणि खिडकीच्या काचेवर धरा. दोन अर्ध्या रेघा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. मग उलगडून लांब अक्षावर घडी. पहिल्या दिवशी एकही बसणार नाही. पंधराव्या दिवशी तीनचार बसतील, आणि तेवढे पुरेत. शंभर नको, घडी घालून तपासलेले वीस.

डोळ्याच्या वरचे इलिप्स जमतात का हे पाहायला जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरला जा. आठव्या शतकातलं कोरीव लेणं, आणि समोर नंदीचा गोल मंडप. तुम्ही खाली बसलात की मंडपाच्या छताची कड डोळ्याच्या वर जाते आणि जवळची बाजू वर फुगते, ग्लासाच्या बरोबर उलट. दगड जाड आहे, त्यामुळे वरखाली दोन कडा मिळतात. त्यांतली जास्त उघडी कुठली, ते काढायच्या आधी सांगता आलं पाहिजे. (वरची. डोळ्यापासून जास्त लांब तीच.)

मग कॉम्प्युटर

इथून पुढचं सोपं आहे. क्रिटा, इंकस्केप आणि ब्लेंडर तिन्ही फुकट आहेत. पहिल्या वर्षाला कुठलंही पायरेटेड सॉफ्टवेअर लागत नाही. टॅब्लेट घ्याल तर बिनस्क्रीनचं साधं पेन टॅब्लेट घ्या. दोन आठवडे हात एकीकडे, नजर दुसरीकडे असं वाटतं, मग विसरायला होतं.

कागदावरच्या स्केचचा फोटो दिवसा खिडकीजवळ, फोन कागदाला समांतर धरून काढा. फोन तिरका झाला तर मेहनतीने काढलेले सगळे इलिप्स वाकतात. फाइल ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) करा, ए-फोरसाठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल. स्केचचा लेयर तळाशी, ओपॅसिटी (गडदपणा) तीस टक्क्यांच्या आसपास, वर नवा लेयर घेऊन रेघा. स्टॅबिलायझर, म्हणजे थरथरती रेघ आपोआप सुबक करणारी सोय, बंद. कंट्रोल-झेड प्रत्येक रेघेला दाबत असाल तर उठून चक्कर मारून या.

सॉफ्टवेअरचं इलिप्स टूल सुबक इलिप्स देतं, पण तो कुठे कलवायचा हे तुम्हालाच ठरवावं लागतं. शंका आली की ब्लेंडरमध्ये एक सिलिंडर घ्या, आडवा करा, तुमच्या स्केचच्या कोनात फिरवा आणि शेजारी ठेवून पाहा. स्केच झाल्यावर. आधी पाहिलं तर ती नक्कल होते.

बाहेरची कड जाड, आतल्या रेघा बारीक. सगळ्या सारख्या जाडीच्या असतील तर वस्तू कागदावर चिकटलेली दिसते.

प्रिंटची घाई सबमिशनच्या रात्री करू नका. स्क्रीनचे रंग आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचे) असतात, प्रिंट सीएमवायकेत (चार शायांत) होते, आणि मी एकदा काढलेला झगझगीत पोपटी हेल्मेट रात्री अकरा वाजता शिजलेल्या मेथीच्या रंगात हातात आला होता. दोन दिवस आधी एक ए-फोर चाचणी प्रिंट काढा, भिंतीला लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. तिथून बाहेरची कड दिसत नसेल तर ती अजून जाड हवी.