रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: या चुका टाळा

मिरजेला किंवा कोल्हापुरात हृदयाची झडप बदलून निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडे परतलेल्या रुग्णाला रोजची गोळी वेळेवर घेण्याची सवय सहसा लवकर लागते. चुका होतात त्या ताटात, औषधांच्या दुकानात आणि गुडघा दुखतो म्हणून घेतलेल्या सुईत.

वॉरफरिन आणि असिनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी औषधे रक्त गोठवण्यातले 'के' जीवनसत्त्वाचे काम अडवतात. मेथी, पालक, शेपू यांत ते भरपूर असल्याने अनेक घरांत पालेभाजीच बंद केली जाते, आणि तशी गरज नसते. आठवड्यातून दोनदा खात असाल तर पुढेही साधारण तेवढीच खावी. जुडी स्वस्त झाली की रोज मेथी आणि महागली की महिनाभर नाव नाही, अशा चढउताराने आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, बिघडतो. बहुतेकांचा तो 2 ते 3 दरम्यान ठेवतात, मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) झडपेच्या जागी धातूची झडप असल्यास 2.5 ते 3.5.

'अर्धी गोळी' एवढेच लिहिलेली चिठ्ठी, मग ती कन्नडमध्ये असो वा मराठीत, अपुरी समजावी. असिनोकुमारॉल 1 ते 4 मिलिग्रॅमपर्यंत निरनिराळ्या ताकदीत मिळते. 2 ऐवजी 4 ची स्ट्रिप हाती आली, तर तीच अर्धी गोळी दुप्पट होते. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी, दुसऱ्या दिवशी मात्र दोन एकदम घेऊ नयेत.

हीच गोळी घेणाऱ्या माझ्या काकांना गुडघेदुखीसाठी एका दवाखान्यात कमरेत डायक्लोफेनॅकची सुई दिली गेली आणि दुसऱ्या दिवशी तेथे तळहाताएवढा काळानिळा गोळा उठला. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि 'ती मिरजेची गोळी, तिचा इथे काय संबंध' असे वाटून त्यांनीही सांगितले नव्हते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या वेदनाशामकांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. जुलाबावर सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल आयएनआर वर चढवते. त्यामुळे नवे औषध सुरू झाले की काही दिवसांतच आयएनआर पुन्हा तपासून घ्यावा.

शेजाऱ्याच्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या प्रकारच्या गोळीला आयएनआर तपासणी लागत नाही, हे पाहून स्वतःची बदलून घेण्याचा मोहही होतो. धातूची झडप असलेल्यांना त्या नव्या गोळ्या चालत नाहीत. दात काढायचा असला तरी गोळी परस्पर थांबवू नये.

शौचास डांबरासारखे काळे झाले, किंवा दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला, तर वरून जखम दिसत नसली तरी सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी, रात्र असली तरी, जावे आणि गोळ्यांची स्ट्रिप सोबत न्यावी.