शाळेसाठी पैसे आणि माणसे जमवताना या चुका टाळा

गोव्यातल्या कितीतरी मराठी प्राथमिक शाळांत पालकांनी हात लावला नाही तर बरीच कामे तशीच पडून राहतात. पट कमी, शिक्षक एखाददुसरा, कार्यालय सांभाळायला कारकून नाही. मग जूनमध्ये पालक-शिक्षक संघाची बैठक होते, उत्साहाने नावे दिली जातात, गणेश चवथीपर्यंत निम्मी माणसे गळतात आणि स्नेहसंमेलनाला तेच चारजण धावताना दिसतात. गावात पैसाच नाही, असे मग सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या गावात जत्रेला आणि नाटकाला पैसा उभा राहतो, तिथे शाळेसाठीही राहतो. माणसे मागे सरतात ती कुणालातरी चारचौघांत कमीपणा आला म्हणून, नाहीतर दिलेल्या पैशाचे काय झाले ते कळले नाही म्हणून. इथे सांगितलेल्या बहुतेक चुका याच दोन कारणांपाशी येतात.

आधी वर्गणी, मग विचार

पहिल्याच बैठकीत ‘प्रत्येकी किती काढायचे’ हा विषय निघतो. शाळेला नेमके काय हवे, हे मात्र कुणी विचारलेले नसते. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांपैकी निम्म्या स्त्रिया असतात. शाळेचा विकास आराखडा करणे हे या समितीचे काम. तो आराखडा मुख्याध्यापिकेकडे मागा आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

सरकारकडून काय येते तेही त्याच बैठकीत कळू द्या. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेला पटाप्रमाणे वार्षिक अनुदानाची तरतूद आहे: ३० पर्यंत मुले असतील तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० आणि २५० पर्यंत ५०,०००. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. म्हणजे फिनेल, झाडू आणि नळाची तोटी यांसाठी पालकांकडे हात पसरायचे कारण नाही. अनुदान कधी आले, कशावर गेले, हे विचारायचा समितीला अधिकार आहे. तो हक्काने वापरा, पण आवाज न चढवता. बाईंनाही वरून पैसे उशिरा मिळतात आणि मधल्या काळात त्या पदरचे घालत असतात, हे ध्यानात असू द्या.

इमारतीचे काम असेल तर आणखी जपून. फुटकी कौले दिसली की दोन पालक शिडी लावून चढतात. सरकारी इमारतीच्या छपराला, वायरिंगला किंवा भिंतीला परवानगीशिवाय हात लावू नये. कुणी पडला किंवा शॉक बसला तर जबाबदार कोण, याचे उत्तर कुणाकडेच नसते. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे समितीच्या ठरावासह लेखी अर्ज करा, सोबत गळक्या जागांचे फोटो जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. हे मार्च-एप्रिलमध्ये व्हायला हवे. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर दिलेला अर्ज पुढच्या वर्षाच्या फायलीत जातो.

सरसकट वर्गणी आणि भिंतीवरची यादी

सगळ्यात जास्त माणसे या चुकीने तुटतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘प्रत्येक मुलामागे ५०० रुपये’ हे ऐकायला समान वाटते. पण वर्गात एकाचे वडील सरकारी नोकरीत असतात आणि दुसऱ्याचे वडील रोजंदारीवर बांधकामाला जातात. दोन मुले शाळेत असतील तर त्या दुसऱ्या घरावर हजार रुपये येतात. ते दिले जात नाहीत, मग आठवण केली जाते, तीही पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव घेऊन. त्या घरातली आई पुढच्या बैठकीला येत नाही. तिचे मूल वर्गातल्या मुलांकडून ‘तुमचे पैसे राहिलेत’ हे ऐकते. सहा-सात वर्षांच्या पोराला हे ऐकावे लागणे मला फार वाईट वाटते. कोणत्याही पंख्याची किंवा प्रोजेक्टरची किंमत एवढी नसते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. प्रवेश देताना ठरलेल्या फीशिवाय देणगी किंवा वर्गणी घेणे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ खाली बंद आहे आणि घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवेशाच्या दिवशी अर्जासोबत पावतीपुस्तक पुढे करणे म्हणूनच धोक्याचे. पैसे पालक संघाने मागितले, शाळेने नाही, ही पळवाट तिथे चालणार नाही.

मग मागायचे कसे? ऐच्छिक ठेवा आणि रक्कम सांगूच नका, वस्तू सांगा. वाचन-कोपऱ्यासाठी चाळीस पुस्तके, दोन चटया, एक कपाट. ज्याला जे जमेल ते तो घेतो. रोख देणाऱ्यांसाठी बंद लिफाफा ठेवा. दात्यांच्या नावांपुढे रकमा लिहिलेली यादी कधीही लावू नका. आभार मानायचेच तर सगळ्यांची नावे रकमेविना, अकारविल्ह्याने लिहा. मोठा देणगीदार यावर नाराज होतो हे खरे. त्याला समजावणे सोपे आहे, दुरावलेली आई परत आणणे कठीण.

आणि श्रम हे देणगीइतकेच मोलाचे आहेत, हे नुसते बोलू नका, नोंदवा. बऱ्याच सरकारी प्राथमिक शाळांत आज कर्नाटकातून आणि इतर ठिकाणांहून कामाला आलेल्या कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने शिकतात. त्यांचे वडील गवंडी, रंगारी, सुतार, प्लंबर असतात. त्यांना कुणी विचारतच नाही, कारण सूचना मराठीतून लेखी जाते आणि घरी ती वाचणारे कुणी नसते. शाळा सुटताना फाटकापाशी उभे राहून कोंकणीत किंवा हिंदीत दोन वाक्ये बोला. ‘रविवारी कुंपण रंगवायचे आहे, तुम्ही सांगाल तसे आम्ही करू’ असे रंगाऱ्याला म्हटले तर तो येतो आणि बाकीच्यांना ब्रश धरायलाही शिकवतो. रंगाचे पैसे मात्र त्याच्याकडून घेऊ नका, आणि त्या दिवशी त्याचा रोज बुडणार असेल तर दुसरा दिवस ठरवा.

किती जमले याचा आनंद, किती उरले याचा पत्ता नाही

गोव्यात नाटकाचे वेड आहे, त्यामुळे निधी म्हटले की नाटक हे ठरलेलेच. हिशेब करून बघा. समजा गावच्याच हौशी मंडळींचा प्रयोग, १०० रुपयांची २०० तिकिटे खपली, जमा २०,०००. नेपथ्य, प्रकाश आणि ध्वनी यांचे ९,०००, रंगभूषा-वेशभूषा ३,५००, छपाई ८००, कलाकारांचे चहा-जेवण २,५००. खर्च झाला १५,८००, हाती उरले ४,२००. त्यासाठी पंधरा माणसे पंधरा दिवस राबली. नाटक करूच नये असे मी म्हणत नाही. गाव एकत्र येतो, मुले स्टेजवर उभी राहतात, त्याचे मोल वेगळे आहे. पण निधीसाठी करायचे असेल तर आधी खर्चाचा कागद करा. देवस्थानचा सभामंडप फुकट मिळतो का, स्मरणिकेच्या जाहिराती आधी हाती येतात का, हे पाहून मगच तारीख घ्या.

खाण्याच्या स्टॉलमध्ये उलटे होते. तिथे खर्च दिसतच नाही. चण्याचा रोस, पोळे, शिरा यांच्या विक्रीतून ६,००० आले की टाळ्या पडतात. नारळ, तेल, गॅस, रवा, काजू कुणाचे? त्याच चार-पाच बायकांच्या घरचे. त्या पहाटे उठून रांधतात, दुपारपर्यंत वाढतात, संध्याकाळी टोपही त्याच घासतात. पुढच्या वर्षी त्या नाही म्हणाल्या तर नवल काय? सामान संघाच्या पैशांतून आणा. ज्यांना घरचे द्यायचे आहे त्यांचे सामान देणगी म्हणून वहीत लिहा. भांडी घासणे आणि मांडव आवरणे बाप्यांकडे द्या, नावानिशी. ‘नंतर बघू’ म्हटले की ते काम पुन्हा तिच्याच अंगावर पडते.

तारखेचेही तसेच. चवथीच्या आधीच्या महिन्यात माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची सजावट), फराळ, पाहुणे यांत प्रत्येक घराचा हात आखडलेला असतो. किनाऱ्यावरच्या गावात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे शाळा उघडतानाच पैसे मागणे म्हणजे त्या घरांना अडचणीत टाकणे. गावची जत्रा किंवा शेजारगावचा कालो (देवळातले दशावतारी नाट्य) आहे त्या दिवशी कार्यक्रम ठेवला तर खुर्च्या रिकाम्या राहतील.

हिशेब एकाच्या खिशात

खजिनदार प्रामाणिक आहे, म्हणून त्याच्याच फोनवरच्या क्यूआर कोडवर पैसे घेतले जातात. इथे प्रामाणिकपणाचा प्रश्नच नाही. त्याच खात्यात त्याचा पगार येतो आणि त्यातूनच वीजबिल जाते. तीन महिन्यांनी ३५० रुपये कुणाचे आले हे त्यालाही सांगता येत नाही आणि चांगल्या माणसावर उगाच संशय येतो. संघाच्या नावाने स्वतंत्र खाते उघडा, ठराव करून दोन सह्या ठेवा, आणि सरकारी अनुदानाचे पैसे त्यात मिसळू नका. रोख आली की त्याच दिवशी दोघांनी मिळून मोजावी, दोघांनी सही करावी, दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. पावती दहा रुपयांचीही द्यावी.

मग एक कागद. कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत तो शाळेच्या सूचना फलकावर लागला पाहिजे. वर जमा, खाली खर्च, शेवटी शिल्लक. प्रत्येक खर्चापुढे बिलाचा क्रमांक आणि ‘बिले बाईंच्या टेबलावरच्या फाइलमध्ये, कुणीही पाहावीत’ ही ओळ. मोठ्या अक्षरांत, सोप्या शब्दांत. मुलाला न्यायला आलेली आजी तो कागद नातवाकडून वाचून घेते, एवढा तो सोपा हवा. ज्या शाळेत असा कागद वेळेवर लागतो तिथे पुढच्या वेळी मागायला फारसे फिरावे लागत नाही.

देणगीवर करसवलत मिळेल असे परस्पर सांगू नका. संस्थेकडे आयकर खात्याची, ‘८०जी’ नावाने ओळखली जाणारी नोंदणी असेल तरच ती मिळते, आणि रोख दिलेल्या २,००० रुपयांवरच्या रकमेला मिळत नाही. कंपनीकडे सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेला, निधी मागायला जाताना हेही लक्षात घ्या की दुसऱ्या संस्थेमार्फत पैसे खर्च करायचे तर तिची सीएसआर-१ नोंदणी लागते. साध्या पालक संघाकडे ती नसते. अशा वेळी कंपनीने वस्तू थेट शाळेला द्यावी, हा सरळ मार्ग. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळा स्वतः गरजा नोंदवू शकते. निवृत्त शिक्षक आणि परगावी असलेले माजी विद्यार्थी तिथून मदत देऊ शकतात.

लहान वाटणाऱ्या, पण महाग पडणाऱ्या

पैसे घेऊन सोडतीची तिकिटे विकू नका. परवानगीशिवाय लॉटरी चालवणे गुन्हा आहे, आणि चर्चच्या फेस्ताला चालते हे शाळेसाठी कारण होत नाही.

शाळेभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्रात येतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. परवानगी लेखी घ्या, कार्यक्रम साडेनऊला आटपा.

वाढदिवसाचे जेवण शाळेत द्यायचे असेल तर तिथिभोजनाची सोय माध्यान्ह आहार योजनेतच आहे. पण आहार पुरवणाऱ्या महिला गटाला आधी सांगितले नाही तर त्यांनी आणलेली भाजी-पाव वाया जाते आणि त्यांचे नुकसान होते.

मदतीला आलेल्या कोणत्याही मोठ्या माणसाला एकट्या मुलासोबत बंद खोलीत ठेवू नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. गोव्यात मुलांच्या संरक्षणासाठी २००३ पासून स्वतंत्र कायदा आहे. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका, देणगीदाराच्या हातून वह्या घेतानाचे तर नकोच.

गाडे अडलेच तर

बैठकीला कुणी येत नाही: वेळ बदलून पाहा. वेर्ण्याला किंवा कुंडईला कारखान्यात पाळीत काम करणारी आई सकाळी दहाला येणार नाही. रविवारी संध्याकाळी, पाऊण तास, मुलांना सोबत आणायची मुभा देऊन बोलवा. बैठकीत तीनच विषय घ्या.

दोन पालकांचे भांडण झाले: पंचाला किंवा आमदाराला मध्ये घालू नका, वाद वाड्यावर जातो. दोघांना वेगवेगळी, एकमेकांवर न अवलंबणारी कामे द्या आणि निर्णय लिहून ठेवा.

हिशेबात तूट आली: ज्या दिवशी कळले त्याच दिवशी समितीला सांगा. फलकावर तूट म्हणूनच लिहा. कुणीतरी गुपचूप भरून टाकली तर पुढच्या वर्षी तीच गोष्ट कुजबुजीतून बाहेर येते.

पैसे उरले: ते कशासाठी ठेवले हे ठरावात लिहा. चौथीतून बाहेर पडणाऱ्या मुलांचे पालक संघातूनही बाहेर पडतात, म्हणून पासबुक, चेकबुक, बिलांची फाइल, परवानग्यांच्या प्रती आणि मंडपवाल्यापासून प्लंबरपर्यंतचे फोन नंबर यांची यादी करून एप्रिलमध्ये नव्या मंडळींच्या हाती द्या. पोच म्हणून दोन्हीकडच्या सह्या घ्या, आणि जुन्या खजिनदाराला जूनच्या पहिल्या बैठकीला नक्की बोलवा.