उष्ण हवेत घरचं सांडपाणी खडी-कर्दळीच्या वाफ्यात कसं शुद्ध करावं

उष्ण कटिबंधात सांडपाणी शुद्ध करायचं तर हवा आपल्या बाजूने असते. घाण खाणारे जिवाणू उबेत जोमाने काम करतात, त्यामुळे थंड हवेपेक्षा कमी जागेत भागतं. मात्र त्याच उबेमुळे साठलेलं पाणी दिवसभरात सडतं आणि डास होतात. म्हणून या वाफ्यात पाणी कुठेच उघडं दिसू द्यायचं नाही.

ही पद्धत न्हाणी, बेसिन आणि कपडे धुण्याच्या पाण्यासाठी आहे. संडासाचं पाणी यात सोडू नका. बाळाचे मळलेले लंगोट धुतलेलं पाणीही संडासाच्याच वाटेने जाऊ द्या.

आधी हिशोब करा. चार माणसं, प्रत्येकी 80 लिटर, म्हणजे रोजचं 320 लिटर. वाफा 4 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि आत पाण्याची उंची अर्धा मीटर धरली, तर 3,000 लिटरची जागा होते. त्यातली साधारण 60 टक्के खडीच व्यापते, उरतं 1,200 लिटर. म्हणजे पाणी आत जवळजवळ पावणेचार दिवस रेंगाळतं, आणि तेवढं पुरतं.

वाफ्याच्या आधी झाकणाची दोन कप्प्यांची टाकी हवीच. बरेच जण इथेच काटकसर करतात आणि मग वाफा तुंबतो. टाकीत तेलकट साय वर तरंगते, गाळ तळाशी बसतो, मधलं पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. तेवढंच पुढे जावं यासाठी बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतून टी, म्हणजे T आकाराचा तीन तोंडांचा जोड, लावा आणि तिचं खालचं तोंड पाण्यात बुडालेलं ठेवा.

वाफा 70 सेंटीमीटर खोल खणा, तळाला 4 मीटरमागे 4 सेंटीमीटर उतार द्या आणि जाड प्लास्टिक अंथरा. दोन्ही टोकांना मोठे दगड, मध्ये 10 ते 20 मिलिमीटरची खडी 60 सेंटीमीटरपर्यंत भरा. खडी धुऊनच घ्या, भुकटीने फटी बुजतात. पावसाचं पाणी आत घुसू नये म्हणून कडेने बांध घाला.

सगळी मेख शेवटच्या पाइपात आहे. तळाकडून पाणी घेऊन बाहेर वर चढणाऱ्या या पाइपाला फिरता एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला जोड, लावा. तो जितका उभा, तितकी वाफ्यातली पातळी वर. ती खडीच्या पृष्ठभागाखाली 10 सेंटीमीटरवर ठेवा. हात घातला तर ओल लागावी, पण वरून खडी कोरडी दिसावी.

कर्दळ किंवा पाणकणीस वीतभर अंतरावर लावा. शुद्धीकरणाचं मुख्य काम खडीवर वाढणारे जिवाणू करतात. मुळं फटी मोकळ्या ठेवतात आणि थोडा प्राणवायू पुरवतात. रोपं धरेपर्यंत पातळी जरा वर ठेवा.

बाहेर आलेलं पाणी पिण्याजोगं नसतं. ते फळझाडांच्या बुंध्याशी, आच्छादनाखाली सोडा. कच्च्या खायच्या पालेभाज्यांना देऊ नका. साबणातल्या सोडियमने माती कडक होते, म्हणून झाडांची पाळी बदलत राहा आणि पावडरऐवजी पातळ साबण वापरा. छाटलेल्या कर्दळीचं कंपोस्ट होतं, पोषकद्रव्यं अशी मातीत परत जातात.

टाकीतली साय आणि गाळ वेळोवेळी काढा. खडीवर पाणी दिसू लागलं, तर पाइप खाली फिरवून पातळी उतरवा आणि पाणी आत येतं तिथले दगड उपसून धुवा, कारण तुंबायला सुरुवात तिथूनच होते.