फ्रँक सिनात्राच्या रेकॉर्डींचा संग्रह कसा उभारावा

सिनात्राच्या रेकॉर्डी जमवायला लागलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा ‘निवडक गाणी’ छापाची एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी, उचलतो. मीही तेच केलं होतं. गाजलेली सगळी गाणी एका तबकडीवर होती, पण हा गायक एवढा मोठा का, ते काही उमगलं नाही. पुढे एका रात्री १९५५ ची ‘इन द वी स्मॉल अवर्स’ पहिल्या गाण्यापासून सोळाव्यापर्यंत न उठता ऐकली, तेव्हा कळलं. सिनात्राने एलपीकडे एक सलग मैफल म्हणून पाहिलं. एका तबकडीला एक मनःस्थिती, शक्यतो एकच संगीत संयोजक, आणि गाण्यांचा क्रम विचार करून लावलेला. त्यातलं एखादं गाणं उचलून दुसरीकडे लावलं की अर्धा जीव मागेच राहतो. म्हणून सुट्या गाण्यांचे संकलित संच बाजूला ठेवा आणि अख्ख्या एलपी जमवा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने सांगतो आहे.

पहिली पायरी : चार कंपन्या, चार आवाज

खरेदीआधी कारकिर्दीचा नकाशा डोक्यात बसवा. सुदैवाने तो रेकॉर्डच्या लेबलांवरूनच उलगडतो.

सिनात्राचा जन्म १२ डिसेंबर १९१५ चा, न्यू जर्सीतल्या होबोकेनचा. १९३९ मध्ये तो हॅरी जेम्सच्या बँडमध्ये होता. जानेवारी १९४० ते सप्टेंबर १९४२ तो टॉमी डॉर्सीच्या बँडबरोबर गायला, त्या रेकॉर्डी व्हिक्टरच्या. डॉर्सी ट्रॉम्बोन वाजवताना श्वास कुठे चोरतो, हे मंचावर त्याच्या मागे बसून सिनात्रा न्याहाळत असे. लांबलचक ओळ मध्ये न तोडता गाण्याची त्याची पद्धत तिथून आली. १९४३ पासून १९५२ पर्यंत कोलंबिया. इथला आवाज कोवळा, स्वच्छ, आणि संयोजक मुख्यतः अ‍ॅक्सल स्टॉर्डाल. १९५३ मध्ये कॅपिटॉल. आवाजात आता पोक्तपणा आला होता आणि संयोजक नेल्सन रिडल भेटला होता. १९६० मध्ये त्याने स्वतःची रिप्रीज कंपनी काढली, १९६१ ची ‘रिंग-ए-डिंग-डिंग!’ ही त्याची तिच्यावरची पहिली एलपी. १९६३ मध्ये ती वॉर्नर ब्रदर्सकडे गेली, तरी सिनात्रा तिथेच गात राहिला.

क्रूनर, म्हणजे हळुवार, जवळिकीने गाणारा गायक, हा गायकीचा प्रकारच मायक्रोफोनमुळे जन्माला आला, हेही ध्यानात असू द्या. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची गरज संपली. बिंग क्रॉस्बीने कानाशी बोलावं तसं गाऊन दाखवलं. सिनात्राने त्या जवळिकीत शब्दांचा अर्थ आणि लयीच्या किंचित मागे रेंगाळणं आणलं. असा आवाज घासलेल्या तबकडीवर सगळ्यात आधी मरतो, कारण हलके उच्चार आणि श्वास खरखरीखाली दबतात. नाजूक गाण्यांच्या एलपी घेताना दर्जाबाबत जास्त कडक राहायचं ते त्यामुळेच.

दुसरी पायरी : सुई आधी, रेकॉर्ड नंतर

चांगला प्लेअर नसेल तर खरेदी थांबवा. जड दाबाची, बोथट सुई एकदाच फिरली तरी साठ वर्षं जपलेली खाच खरवडली जाते. मोनो (एकाच वाहिनीत मुद्रित आवाजाच्या) एलपीसाठी सुमारे २५ मायक्रॉनची सुई योग्य, स्टिरिओसाठी (डावी-उजवी अशा दोन वाहिन्या) साधारण १८ ची. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डींच्या खाचा खूप रुंद असतात, त्यांना सुमारे ७६ मायक्रॉनची वेगळी सुई लागते. एलपीची सुई ७८ वर टेकवली तर ती खाचेच्या तळाशी घसरत राहते आणि नुसता खरखराट ऐकू येतो.

अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर जुन्या मोनो एलपी ऐकताना ते दाबा. अर्धा कचरा जागीच कमी होतो.

तिसरी पायरी : पहिल्या सहा तबकड्या

माझी निवड अशी आहे, आणि तिच्यावर मी ठाम आहे.

सुरुवात ‘इन द वी स्मॉल अवर्स’ने. नंतर लगेच १९५६ ची ‘साँग्ज फॉर स्विंगिंग लव्हर्स’. तोच गायक, तोच रिडल, मधे जेमतेम वर्ष, आणि मनःस्थिती अगदी उलटी. ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’ याच एलपीवर आहे. त्यात वाद्यवृंद थरावर थर चढवत जातो आणि मिल्ट बर्नहार्टचा ट्रॉम्बोन फुटतो, ती जागा ऐकण्यासाठी आवाज थोडा वाढवा. या दोन एलपी एकाच संध्याकाळी ऐकल्या की रिडलची ताकद कळते. शांत गाण्यात तो गायकाला जागा सोडतो, वेगवान गाण्यात मागून ढकलतो.

तिसरी १९५८ ची ‘ओन्ली द लोनली’. पुन्हा रिडल, पण यावेळी मोठा, काळोखा वाद्यवृंद. माझ्या मते ही सिनात्राची सर्वोत्तम एलपी. ज्यांना ‘वी स्मॉल अवर्स’ वरचढ वाटते त्यांच्याशी मी भांडणार नाही. चौथी त्याच वर्षीची ‘कम फ्लाय विथ मी’, संयोजक बिली मे. रिडलनंतर मे ऐकला की ब्रास वाद्यं किती खट्याळ होऊ शकतात ते समजतं. पाचवी १९६५ ची ‘सप्टेंबर ऑफ माय इयर्स’, पन्नाशीला टेकलेल्या माणसाने मागे वळून पाहिलेलं. संयोजक गॉर्डन जेंकिन्स, आणि तिला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. सहावी १९६७ ची, ब्राझीलचा संगीतकार आन्तोनियो कार्लोस जोबिम याच्याबरोबरची. क्लाउस ओगरमनचं संयोजन इतकं तलम आहे की सिनात्रा जवळजवळ कुजबुजतो.

प्रत्यक्ष मैफलीची एकच घ्यायची तर १९६६ ची ‘सिनात्रा अ‍ॅट द सँड्स’ घ्या, काउंट बेसीच्या बँडसह. दोन तबकड्यांचा संच आहे, तेव्हा दोन्ही आत आहेत ना ते पाहून मगच घ्या.

चौथी पायरी : मोनो की स्टिरिओ

इथे नवे संग्राहक सगळ्यात जास्त फसतात. सिनात्राची पहिली स्टिरिओ एलपी १९५७ ची ‘व्हेअर आर यू?’. त्याआधीचं सगळं मूळ ध्वनिमुद्रण मोनो आहे. तरीही ‘वी स्मॉल अवर्स’ किंवा ‘स्विंगिंग लव्हर्स’च्या कव्हरवर ‘ड्युओफोनिक’ असं छापलेल्या प्रती भेटतात. साठच्या दशकात स्टिरिओची मागणी वाढल्यावर कॅपिटॉलने मोनो टेपवर प्रक्रिया करून बनवलेला हा कृत्रिम स्टिरिओ. मी पहिली ‘वी स्मॉल अवर्स’ अशीच आणली होती. कव्हर झकास, तबकडी चकचकीत, पण आवाज पोकळ पाईपातून यावा तसा. मोनो प्रत मिळाल्यावर तोच सिनात्रा समोर येऊन उभा राहिला.

ओळखायची खूण क्रमांकात आहे. कॅपिटॉलच्या या एलपींचा मोनो क्रमांक ‘डब्ल्यू’ने सुरू होतो, खऱ्या स्टिरिओचा ‘एसडब्ल्यू’ने आणि ड्युओफोनिकचा ‘डीडब्ल्यू’ने. ‘वी स्मॉल अवर्स’ची मोनो म्हणजे डब्ल्यू-५८१, ‘स्विंगिंग लव्हर्स’ची डब्ल्यू-६५३. ‘डीडब्ल्यू’ दिसलं की खाली ठेवा.

‘ओन्ली द लोनली’ची गोष्ट वेगळी. ती खऱ्या स्टिरिओतही मुद्रित झाली होती, पण मूळ मोनो एलपीवर बारा गाणी आहेत आणि त्या काळच्या स्टिरिओ एलपीवर दहाच. ‘इट्स अ लोनसम ओल्ड टाउन’ आणि ‘स्प्रिंग इज हिअर’ ही दोन वगळली होती. पहिली प्रत मोनो घ्या. स्टिरिओ आवडीने नंतर जोडा.

गाणी मोजायची सवय एकूणच लावून घ्या. ‘वी स्मॉल अवर्स’वर सोळा आणि ‘स्विंगिंग लव्हर्स’वर पंधरा गाणी असायला हवीत. कमी भरली तर ती कापलेली नंतरची आवृत्ती समजा.

पाचवी पायरी : तबकडी वाचायला शिका

कव्हरवरचं साल पहिल्या प्रकाशनाचं असतं, हातातली प्रत कधी दाबली गेली ते लेबल सांगतं. कॅपिटॉलच्या पन्नाशीतल्या मोनो एलपींवर करडं लेबल मिळतं. दशक संपता संपता काळं लेबल आलं, कडेला इंद्रधनुषी पट्टा असलेलं. त्यावर कंपनीचं चिन्ह डाव्या बाजूला असेल तर प्रत आधीची, वर असेल तर १९६२ च्या आसपासची किंवा नंतरची.

लेबलाभोवतीच्या मोकळ्या पट्टीवर प्रकाश तिरपा पडेल अशी तबकडी धरा. तिथे कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडी ज्या मूळ कटाईवरून दाबली तिचा क्रमांक, दिसेल. शेवटी ‘डी-१’, ‘डी-२’ अशी अक्षरं असलेल्या कॅपिटॉलच्या मोनो प्रती जाणकार मुद्दाम शोधतात, कारण त्या सुरुवातीच्या कटाईच्या असतात. शेजारी छोटी चांदणी असेल तर प्रत लॉस एंजेलिसच्या कारखान्यातली, त्रिकोणात ‘आयएएम’ असेल तर स्क्रँटनची.

कव्हरही बोलतं. ‘स्विंगिंग लव्हर्स’च्या १९५६ च्या मूळ चित्रात सिनात्रा त्या तरुण जोडप्याकडे पाठ करून आहे, नंतरच्या चित्रात तो त्यांच्याकडे पाहतो. बाजारात दुसरंच चित्र जास्त दिसतं.

सहावी पायरी : दर्जा स्वतः ठरवा

विक्रेते ‘मिंट’, ‘निअर मिंट’, ‘व्हीजी प्लस’, ‘व्हीजी’ (व्हेरी गुड), ‘जी’ अशी उतरती श्रेणी लावतात. नावावर जाऊ नका. ‘जी’ म्हणजे ‘गुड’ असलं तरी ती तबकडी ऐकवत नाही. सिनात्राच्या शांत एलपींसाठी ‘व्हीजी प्लस’च्या खाली उतरू नये असं मला वाटतं. बेसीबरोबरच्या दणदणीत एलपीत थोडी टिकटिक खपून जाते. नखाला न लागणारा चरा बहुधा ऐकू येत नाही, नखाला अडकणारा हमखास येतो. आणि दिसायला स्वच्छ पण करड्या झाकेची तबकडी असेल तर जपून. जड सुईने खाचा झिजवल्याची ती खूण, आणि झीज कशानेही भरून येत नाही.

सातवी पायरी : धुणं आणि ठेवणं

व्हिनाइलची एलपी डिस्टिल्ड वॉटर आणि अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी, मऊ ब्रशने, खाचांच्या दिशेने धुवा. लेबल भिजू देऊ नका. ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते. माझी एक ७८ अशीच गेली, आणि ती परत मिळाली नाही. तबकड्या उभ्या ठेवा, ऊन आणि उष्णतेपासून लांब. जुनी कागदी आतली पाकिटं बदलून नवी मऊ पाकिटं घाला, पण छापील जुनी पाकिटं फेकू नका, कव्हरमागे सरकवून ठेवा.

आठवी पायरी : मग मागे चला

कॅपिटॉल आणि रिप्रीज अंगवळणी पडल्यावर कोलंबियाकडे वळा. मार्च १९४६ चा ‘द व्हॉइस ऑफ फ्रँक सिनात्रा’ हा चार ७८ तबकड्यांचा संच, गाणी आठ, सोबत स्टॉर्डालचा छोटा तंतुवाद्यांचा ताफा. एकाच मनःस्थितीची गाणी एकत्र बांधायची कल्पना इथे आधीच दिसते. १९४८ मध्ये कोलंबियाने एलपी बाजारात आणली तेव्हा हाच संच दहा इंची एलपी म्हणून निघाला, क्रमांक सीएल-६००१. जवळजवळ याच नावाची बारा इंची एलपीही पुढे आली, तिच्यातली गाणी वेगळी आहेत. क्रमांक पाहूनच घ्या.

त्याही मागे व्ही-डिस्क आहेत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी काढलेल्या तबकड्या. १९४२ मध्ये अमेरिकन वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. १९४३ मध्ये कोलंबियात आलेल्या सिनात्राला त्यामुळे वाद्यांऐवजी नुसत्या कोरसच्या साथीवर गावं लागलं. व्ही-डिस्कना मात्र सूट होती, त्यामुळे त्या काळातला वाद्यवृंदासह गाणारा सिनात्रा या बारा इंची ७८ वर सापडतो. युद्धानंतर त्या नष्ट करायच्या होत्या, तेव्हा वाचलेली प्रत दिसली तर फार विचार करू नका.

शेवटची पायरी : एक गाणं, तीन तबकड्या

संग्रह थोडा भरला की एका गाण्याचा माग काढा. मी ‘नाइट अँड डे’ घेतलं. १९४२ चं, व्हिक्टरच्याच ब्लूबर्ड लेबलवरचं, स्टॉर्डालच्या संयोजनात, सव्विशीतल्या सिनात्राचं. १९५६ मध्ये मुद्रित झालेलं, १९५७ च्या ‘अ स्विंगिंग अफेअर’वरचं, रिडलच्या उसळत्या चालीचं. आणि १९६२ च्या ‘सिनात्रा अँड स्ट्रिंग्ज’वरचं, डॉन कोस्टाच्या तंतुवाद्यांत संथ वाहणारं. (त्याच एलपीवर ‘स्टारडस्ट’ची फक्त सुरुवातीची कडवी गाऊन तो थांबतो, मुख्य चाल येतच नाही. तेही ऐका.) मी दर खरेदीला वहीत तारीख, क्रमांक, मॅट्रिक्स आणि पहिल्या ऐकण्याचं एक वाक्य लिहितो. ‘नाइट अँड डे’च्या पानावर ब्लूबर्डची ओळ बरीच वर्षं कोरी होती. ती ७८ मिळाली तेव्हा तिच्यावर दोन चरे होते, तरी त्याच रात्री तिन्ही रेकॉर्डी सालांच्या क्रमाने लावल्या.