गायसेरिकचा धडा एका तासात कसा घ्यावा
लातूर-नांदेडकडच्या वर्गात व्हँडल या जर्मानिक टोळीचा राजा गायसेरिक शिकवताना सनावळीपासून नव्हे, तर धान्यापासून सुरुवात करावी. फळ्यावर भूमध्य समुद्र काढून उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या जागी खडूने ठळक ठिपका द्यावा आणि रोमला लागणाऱ्या गव्हाचा मोठा वाटा याच बंदरातून जात असे, म्हणजे हा रोमचा मोंढाच होता, असे सांगावे. मोंढा बंद पडला की काय होते, हे आपल्याकडच्या मुलांना वेगळे समजावून द्यावे लागत नाही. मग इ.स. 429 मध्ये स्पेनमधून आफ्रिकेत उतरलेल्या या राजाने 439 मध्ये कार्थेज घेतले, तेथील जहाजे हाती येताच समुद्रावर जरब बसवली आणि 468 ची रोमनांची प्रचंड आरमारी मोहीम पेटत्या नौका सोडून उधळून लावली, हे एकेक ठिपका जोडत दाखवावे. 455 मध्ये त्याने केलेल्या रोमच्या 14 दिवसांच्या लुटीवर मात्र फार रेंगाळू नये. व्हँडलांच्या नावावरून आलेला ‘व्हँडलिझम’ (मुद्दाम केलेली नासधूस) हा शब्द फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात रूढ झाला, एवढे आवर्जून सांगावे, कारण दौलताबादच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांना आज तोच लावला जातो. 477 मधील त्याचा मृत्यू आणि 534 पर्यंत झालेला राज्याचा अस्त दोन वाक्यांत आटोपावा.