फुफ्फुसाचा कर्करोग वेळेत सापडायला हवा असेल तर या चुका टाळा

छातीच्या ओपीडीत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे जे रुग्ण माझ्यासमोर येतात, त्यांतले बहुतेक तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात असतात. ही माणसं अंगावर दुखणं काढून आलेली असतात असंही नाही. दोन-तीन दवाखाने झालेले असतात, फाइल जाडजूड झालेली असते, खिसाही रिकामा झालेला असतो. वेळ जातो तो त्याच त्या ठरावीक चुकांत. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार आजार फुफ्फुसापुरताच असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर दहापैकी सहाच्या आसपास रुग्ण हयात असतात. शरीरात दूरवर पसरल्यावर सापडला, तर दहातला एकही धड नाही. एवढा फरक पडतो म्हणून हे तळमळीने लिहिते आहे.

डाग दिसला की टीबी धरून चालणं

या एका चुकीपायी गेलेले जीव आठवले की आजही झोप लागत नाही.

आपल्याकडे टीबी भरपूर आहे. खोकला, बारीक ताप, वजन उतरणं, बेडक्यात रक्त ही लक्षणं दोन्ही आजारांत सारखीच. दोघांनाही फुफ्फुसाचा वरचा भाग जास्त आवडतो. त्यामुळे छातीचा फोटो (एक्स-रे) काढला, वर डाग दिसला, की डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येणं साहजिक आहे. तिथपर्यंत काहीच चुकलेलं नसतं. चूक होते ती बेडका न तपासता एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, सुरू करण्यात.

सिन्नरकडचे एक टेम्पोचालक होते, साठीच्या आतले, विशीपासून विडी ओढणारे. पूर्ण कोर्स संपवून, तरीही दम लागतो म्हणून माझ्याकडे आले. सुनेने पिशवीतून सगळे फोटो काढून दिले. मी पहिला फोटो खिडकीच्या उजेडात धरला. डाव्या बाजूला वर जेमतेम तीन सेंटिमीटरची गाठ, कडा कुसळांसारख्या बाहेर आलेल्या. शेजारी ताजा फोटो धरला, तर डावीकडचा वरचा भाग पूर्ण पांढरा. फाइल दोनदा चाळली, बेडक्याचा एकही रिपोर्ट नव्हता. विचारलं तर सून म्हणाली, "बेडका पडतच नव्हता मॅडम, म्हणून राहूनच गेलं."

मधल्या काळात तिसऱ्या महिन्यात त्यांचा आवाज बसला होता. घरच्यांनी मध-हळद दिली, मिठाच्या गुळण्या केल्या. वजन उतरत होतं, तर गोळ्या उष्ण पडतात म्हणून ताक वाढवलं. खरं म्हणजे स्वरयंत्राकडे जाणारी डाव्या बाजूची नस छातीत उतरून महाधमनीखालून वळसा घेऊन वर जाते. डाव्या फुफ्फुसातला आजार तिथपर्यंत पोचला की आवाज घोगरा होतो. त्या दिवशी कुणी नवा फोटो काढला असता, तरी गाठ वाढलेली दिसली असती. सीटी आणि सुईची तपासणी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) झाली, कर्करोग निघाला, आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली होती. ते मला एवढंच म्हणाले, "मॅडम, एक गोळी चुकवली नाही हो मी."

म्हणून माझा नियम साधा आहे. रुग्ण अत्यवस्थ नसेल, तर बेडक्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय एकेटीची पहिली गोळी नाही. सीबीनॅट ही बेडक्यातले टीबीचे जंतू शोधणारी चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. बेडका पडत नसेल तर खारट पाण्याची वाफ देऊन काढता येतो, तेवढ्यानेही जमलं नाही तर दुर्बीण घालून घेता येतो. "पडतच नाही" हे तपासणी सोडून देण्याचं कारण होऊ शकत नाही. औषध सुरू करायच्या दिवशी मी फाइलच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत वजन लिहिते. दोन महिन्यांनी पुन्हा वजन, पुन्हा फोटो, आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी. टीबीला औषध लागू पडलं की भूक लागते, वजन वाढतं. वजन उतरतंय आणि गाठ तशीच आहे, तर त्याच आठवड्यात सीटी.

नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. रुग्णाला लगेच काहीतरी औषध द्यायला हवं, नाहीतर तो दुसरीकडे जाईल, या घाईत हे होतं. जाऊ दे दुसरीकडे. आणि बेडक्यात टीबी सापडला, तरी तीस वर्षं विडी ओढलेल्या माणसाची चौकशी तिथे संपत नाही. दोन्ही आजार एका छातीत असू शकतात.

"चेकअपमध्ये फोटो नॉर्मल आला"

वर्षाला एकदा पॅकेजवालं बॉडी चेकअप करायचं, त्यात छातीचा फोटो असतोच, तो नॉर्मल आला की विडी-सिगारेट पुन्हा सुरू. माझा सगळ्यात जास्त राग या खोट्या निश्चिंतीवर आहे. छातीच्या साध्या फोटोत हृदयामागचा, गळपट्टीच्या हाडामागचा आणि छाती-पोटामधल्या पडद्याखाली झाकलेला भाग नीट दिसत नाही. एक सेंटिमीटरच्या आतली गाठ सहज निसटते. अमेरिकेत दीड लाखाहून जास्त लोकांवर याची कसून परीक्षा झाली. दरवर्षी फोटो काढूनही फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत, हा निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीचे निकाल आले. भरपूर धूम्रपान केलेल्या 53 हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांचा साधा फोटो काढला, निम्म्यांचा कमी मात्रेचा (कमी किरणांचा) सीटी, तीन वर्षं ओळीने. सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले. पुढे 2020 मध्ये नेदरलँड्स-बेल्जियमच्या चाचणीतही पुरुषांमध्ये दहा वर्षांत 24 टक्के घट दिसली. हा सीटी म्हणजे इंजेक्शन नाही, उपाशी राहणं नाही, एकदा श्वास रोखायचा की झालं. किरणांची मात्रा सुमारे दीड मिलिसिव्हर्ट, म्हणजे वर्षभरात निसर्गातून अंगावर पडते त्याहून कमी.

आता हे वाचून घरातल्या सगळ्यांना सीटीच्या रांगेत उभं करू नका. तीही चूकच आहे. अमेरिकेचा 2021 पासूनचा निकष असा: वय 50 ते 80, किमान 20 पॅक-वर्षं धूम्रपान, आणि ते अजून चालू किंवा सुटून 15 वर्षं झालेली नाहीत. रोज वीस सिगारेटी एक वर्ष ओढल्या की एक पॅक-वर्ष. रोज दहा, चाळीस वर्षं, म्हणजे वीस पॅक-वर्षं. हा हिशोब सिगारेटचा आहे. आपल्याकडे विडीवाले "तंबाखू कमी असतो" म्हणून स्वतःला त्यातून वगळतात. विडीत तंबाखू कमी असतो हे खरं, पण ती विझू नये म्हणून झुरके जोरात आणि वरचेवर मारावे लागतात, आणि धुरातलं डांबर सिगारेटपेक्षा कमी नसतं. मी एक विडी म्हणजे एक सिगारेट असंच धरते. बंडल किती दिवस पुरतं हे विचारायचं, आणि शक्यतो बायकोसमोर विचारायचं. खरा आकडा तिथेच कळतो.

आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तीस वर्षांवरच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी आहे, फुफ्फुसाची नाही. तेव्हा या निकषात बसणाऱ्याने आपण होऊन छातीच्या डॉक्टरांकडे विषय काढायला हवा.

पहिल्याच स्कॅनला गाठ दिसली म्हणून हबकून जाणं

सीटीच्या त्या अमेरिकी चाचणीत पहिल्या दोन फेऱ्यांत दर चार जणांत साधारण एकाच्या स्कॅनमध्ये काहीतरी संशयास्पद दिसलं, आणि अशा संशयितांपैकी 95 टक्क्यांहून जास्त लोकांना कर्करोग नव्हता. आपल्याकडे तर जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचे व्रण कितीतरी छात्यांत असतात. सहा मिलिमीटरच्या आतली गाठ दिसली, तर बहुतेक वेळा पुढच्या वर्षी पुन्हा स्कॅन एवढंच करायचं असतं. लोकांना हे वाट पाहणं सहन होत नाही. कुणी चार दिवसांत पेट स्कॅन (सगळ्या शरीरात कर्करोग शोधणारा मोठा स्कॅन) करून येतो, कुणी रिपोर्ट कपाटात टाकून परत फिरकतच नाही. गाठ वाढते का, हे तारखेला जाऊन पाहणं हीच खरी तपासणी आहे. आणि एक स्कॅन चांगला आला म्हणजे काम संपलं असंही नाही, तो दरवर्षीचा आहे.

लक्षणं असताना मात्र कमी मात्रेचा सीटी मागू नका. बेडक्यात रक्त आलं, तीन आठवड्यांवर खोकला गेला, आवाज बसला, बोटांची टोकं फुगून नखं गोल झाली, त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतोय, तर ती रोगनिदानाची वेळ आहे. तिथे कोणता सीटी करायचा ते डॉक्टर ठरवतील.

आणखी काही

"ती कुठे विडी ओढत होती?" हा प्रश्न मला बायकांच्या नातेवाइकांकडून नेहमी ऐकावा लागतो. आयुष्यात धूम्रपान न केलेल्यांनाही हा कर्करोग होतो. चुलीचा धूर, नवऱ्याच्या विडीचा धूर, हवेचं प्रदूषण, अॅस्बेस्टॉस ही कारणं आहेत, आणि कधी कारण सापडतही नाही. त्यांच्यासाठी सरसकट सीटीची शिफारस नाही, पण त्यांचा खोकला "अॅलर्जीचा" म्हणून महिनोन्महिने सिरपवर काढू नका.

"हा सिगारेटचा नेहमीचा खोकला." नेहमीचा खोकला बदलला, की तो नेहमीचा राहिलेला नसतो.

खोकला कधी सुरू झाला हे कुणालाच आठवत नाही. कालनिर्णयावर त्या दिवशी खूण करून ठेवा.

जुने फोटो रद्दीत देऊ नका. गाठ नवी की दहा वर्षांची, हे तेच सांगतात. मी तर घरी आलेल्या पाहुण्यांनाही फोटोच्या पाकिटावर तारीख घालायला लावते.

स्कॅन करतो म्हणजे ओढायला मोकळा, असं समजू नका. सोडायचं असेल तर 1800-112-356 हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांक मोफत आहे.

रक्ताची "कॅन्सर मार्कर" चाचणी करून फुफ्फुसाबद्दल निर्धास्त होऊ नका. ती त्यासाठी नाही.

शेवटचं, सुईची भीती. "सुई लावली की पसरतो" या समजापायी नातेवाईक हातातला रुग्ण घरी घेऊन जातात. पसरतो तो वाट पाहण्यात. तुकडा तपासल्याशिवाय कर्करोगाचा प्रकार कळत नाही आणि प्रकार कळल्याशिवाय औषध ठरत नाही. विशेषतः धूम्रपान न केलेल्यांमध्ये ईजीएफआरसारखा जनुकीय बदल सापडला, तर बऱ्याचदा रोजच्या गोळीवर उपचार होतात. म्हणून तपासणीला जाताना डॉक्टरांना आधीच विचारा, की जनुकीय चाचणीलाही पुरेल एवढा तुकडा घेणार ना. पुन्हा सुई टोचायची वेळ येत नाही.